सोलर एसी : लाईन गेल्यावर काय?

उन्हाळ्यात गावात गेलो की पिकाआधी प्रश्न येतो, "साहेब, सोलरवर एसी चालतो का?" चालतो. पण विकणारा अर्धंच सांगतो.

एक टनाचा एसी साधारण एक किलोवॅट वीज ओढतो. एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला चार-पाच युनिट देतात, म्हणजे दुपार निघते. रात्री वीज लाईनीतूनच घ्यायची. दिवसा आपण लाईनीत सोडलेली वीज नेट मीटरवर वळती होते. हिशेब चोख आहे, लाईन असेल तोवर. लाईन गेली की बॅटरी नसलेला संच भर उन्हातही बंद पडतो. खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसू नये म्हणून तो बनवलाच तसा असतो. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने हे न विचारता कर्ज काढलं. आता लाईन गेली की पॅनेलखाली बसून घाम पुसतो. बॅटरी घ्यायची तर खर्च बराच वाढतो.

२०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान ठरलं. ते जरूर घ्यावं. मात्र ते पॅनेलच्या संचाला आहे, एसीला नाही.

माझं मत विचाराल तर टिनाच्या घरात एसी म्हणजे फुटक्या बांधात पाणी. आधी छताला चुना मारा, खाली सीलिंग करा. विदर्भाच्या कोरड्या उन्हात दोनशे वॅटचा कूलरही भागवतो, फक्त त्याला पाणी हवं. टँकरच्या गावात तेही जडच.

तरी एसी घ्यायचाच असेल, तर सही करण्याआधी दुकानदाराकडून लिहून घ्या : लाईन गेल्यावर चालेल का, आणि किती तास. ग्रामपंचायतीनेही हा प्रश्न ग्रामसभेत एकदा मोठ्याने वाचून दाखवावा.