रांग बघून दुकान टाकू नका

"सर, बबल टीचं काउंटर टाकू का?" हा प्रश्न मला हल्ली सारखा येतो. टाका, पण रांग बघून नको.

1998 च्या सुमारास तैवानमध्ये मकाऊचा एग टार्ट आला. कुरकुरीत वाटी, आत अंड्याचं कस्टर्ड. रांगा लागल्या, गल्लोगल्ली दुकानं निघाली आणि थोड्याच काळात धडाधड बंदही पडली. अशा झटपट फुगून फुटणाऱ्या धंद्याला तिथे 'एग टार्ट इफेक्ट' असंच नाव पडलंय!

तैवानचाच बबल टी मात्र 1980 च्या दशकापासून टिकलाय. माझ्या मते कारण साधं आहे. साखर किती, बर्फ किती, हे तिथलं गिऱ्हाईक स्वतः ठरवतं. चहा तोच, पण प्रत्येकाचा आपला. म्हणून माणूस परत येतो.

आणि त्यातले टॅपिओकाचे मोती, आपल्या साबुदाण्याचे भाऊच, शिजवल्यावर काही तासांत कडक होतात. म्हणजे दिवसातून दोन-तीनदा ताजे शिजवा, उरलेले फेका. हा खर्च धरलाय का?

आधी जवळच्या बबल टीवाल्यासमोर दोन आठवडे संध्याकाळी उभे राहा. तीच तोंडं पुन्हा किती दिसतात ते वहीत लिहा. आकडा हातात आला की मग गाळ्याच्या भाड्याचं बोलू.