डायनासोरचं नवं-जुनं

बँकेत 'नवं-जुनं करणं' हा एक सनातन विधी आहे. मार्च आला की खातेदार कुठून तरी हातउसने आणतो, मागचं कर्ज भरतो आणि त्याच टेबलावर पुढचं उचलतो. कागदोपत्री खातं स्वच्छ. मुद्दल मात्र होतं तिथंच, वर जरा फुगलेलं. हॉलिवूडवाले याच व्यवहाराला 'सिक्वेल' म्हणतात.

मूळ कर्ज १९९३ सालचं. स्पीलबर्गचा 'ज्युरासिक पार्क' दुसऱ्या वर्षी हिंदी बोलत इकडे आला तेव्हा मी शाळेत होतो. पेल्यातलं पाणी थरथरलं की अख्खं थेटर चिडीचूप! त्या पुण्याईवर १९९७, २००१, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५ अशी सहा वेळा उचल झाली. तारण एकच, पोरांचं कुतूहल. आणि माझं भांडण आहे ते इथंच. ही मंडळी तारणच खाऊन टाकताहेत!

२०१५ च्या भागात म्हणे लोक साध्या डायनासोरला कंटाळले, म्हणून प्रयोगशाळेत भेसळ करून नवा राक्षस काढला. २०२५ च्या 'रीबर्थ'मध्ये तर सहा हातापायांचा 'डिस्टॉर्टस'. अहो, निसर्गानं कोट्यवधी वर्षं खपून केलेला माल कमी पडला काय? सहा हातांचा कॅशियर आमच्या शाखेला दिला असतात तर एक वेळ समजू शकलो असतो.

याच चित्रपटात घटकाभर टायटॅनोसॉरस दिसतो. पोरं म्हणतात, "फॉरेनचं जनावर भारीये!" फॉरेनचं कसलं रे? हे नाव १८७७ साली पडलं ते जबलपूरच्या हाडांवरून. त्याचा एक भाऊबंद आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, डोंगरगावला निघाला. त्याला हुडकलं कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटनं, म्हणून २००३ पासून संस्थेच्या आद्याक्षरांवरून तो 'इसिसॉरस'. आकडेमोड करणाऱ्या संस्थेचं नाव लावणारा डायनासोर! बी.कॉम.वाल्याचा ऊर भरून यायला आणखी काय हवं? त्याच जिल्ह्यातल्या पिजदुऱ्याला दगड झालेलं शेण सापडलं आणि २००५ साली त्यात गवताचे अंश मिळाले. डायनासोर गवत खात असतील असं तोवर बहुतेक तज्ज्ञांच्या गावीही नव्हतं. एवढं काम शेणानं केलं. डिस्टॉर्टसनं काय केलं? पॉपकॉर्न खपवले.

आणि आमच्या अहिल्यानगर जिल्ह्याचं काय? अकोले तालुक्यातलं कळसूबाई ज्या लाव्हाचं झालंय, तो वाहिला साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, डायनासोर संपले त्याच सुमाराला. मुख्य आरोपी मेक्सिकोत पडलेला लघुग्रह. पण सहआरोपी म्हणून या काळ्या पाषाणाचं नाव अजून कागदांवर आहे. शाळेची सहल त्याच आरोपीच्या डोक्यावर बसून डबे सोडते. मास्तर म्हणतात, कागद टाकू नका. बाकी काही म्हणत नाहीत.

आमच्याकडे साध्या विहिरीच्या कर्जालासुद्धा साहेब आधी जागेवर जाऊन पाहणी करतात. हॉलिवूडच्या साहेबांनीही सातवी उचल करण्याआधी पिजदुऱ्याला येऊन जावं. सहा हातांचं काही तिथं निघालेलं नाही. शेण निघालंय.