होईल सवय!

मराठीत फसवणुकीची वाक्यं पुष्कळ आहेत. 'पाचच मिनिटांत पोचतो' हे एक, 'साहेब आत्ताच बाहेर गेले' हे दुसरं. (दुसरं आमच्या काउंटरवर रोज लागतं, त्यामुळे त्याबद्दल जास्त बोलत नाही.) पण या सगळ्यांत निर्ढावलेलं वाक्य म्हणजे 'होईल सवय!' गैरसोय दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची आणि हे वाक्य टाकून आपण मोकळं व्हायचं.

माझं भांडण आहे ते दुचाकीच्या डाव्या मुठीबद्दल.

आमच्या घरी कित्येक वर्षं नंबर लावल्यावर चेतक स्कूटर आली. तिच्या डाव्या मुठीत क्लच आणि गिअर दोन्ही. क्लच दाबायचा आणि अख्खी मूठ मनगटासकट पिळायची. मागचा ब्रेक उजव्या पायाशी. बाबांनी ही मूठ तीस वर्षं पिळली. अडुसष्टाव्या वर्षी गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा सगळ्यांनी मिळून त्यांना बिनगिअरची स्कूटर घ्यायला लावली. तिच्या डाव्या मुठीतही एक दांडी होती. दिसायला तीच, जागा तीच, फक्त ती आता ब्रेकची होती. आणि उजव्या पायाशी काहीच नव्हतं, भाजीची पिशवी ठेवायला सपाट जागा.

"काका, होईल सवय," शोरूममधला पोरगा म्हणाला.

बाबा निघाले. पहिल्याच चौकात वेग जरा वाढला तसा तीस वर्षांचा डावा हात गिअर बदलायला धावला आणि त्याने दांडी करकचून आवळली. स्कूटर जागच्या जागी गचकन थांबली. मागच्या रिक्षावाल्याने बाबांच्या सात पिढ्यांची चौकशी केली. त्यानंतर कितीतरी दिवस बाबांचा उजवा पाय त्या सपाट जागेवर ब्रेक शोधत भाजीची पिशवी तुडवत होता. घरी टोमॅटोचं सार वरचेवर व्हायचं ते त्यामुळे.

इथपर्यंत हसायला हरकत नाही, कारण निदान गाडी थांबत तरी होती. आता उलटा प्रवास बघा. माझा भाचा शिकला तो बिनगिअरच्या स्कूटरवर. डावी दांडी आवळली की गाडी थांबते, हे त्याच्या हाताला पक्कं ठाऊक. पुढे मोटरसायकल शिकला, सहा महिने उत्तम चालवली. एका रविवारी मित्रांबरोबर सिंहगडावर पिठलं-भाकरी खाऊन उतरताना वळणावर समोर अचानक गाडी आली. डोक्याने काही सांगायच्या आत डाव्या हाताने दांडी आवळली. मोटरसायकलवर ती क्लचची. क्लच दाबला की इंजिनाची उरलीसुरली ओढही सुटते, म्हणजे उतारावर गाडी आणखी मोकाट. पोरगं डोंगराच्या बाजूच्या चरात गेलं म्हणून कॉलरबोनवर भागलं. दुसऱ्या बाजूला दरी होती.

सवयीची गंमत ही अशी आहे. नवी सवय राहते डोक्यात, जुनी राहते हातात. रोज डोकं हातावर साहेबगिरी करतं आणि सगळं सुरळीत चालतं. घात व्हायची वेळ आली की साहेब गडबडतात आणि हात आपल्या जुन्या पद्धतीने काम उरकून मोकळा होतो.

आमचे हेडकॅशिअर म्हणतात, "अहो, तुम्ही लेजर सोडून कॉम्प्युटर शिकलातच ना?" शिकलो की! पण चुकीची एंट्री संध्याकाळच्या आत रिव्हर्स करता येते. सिंहगडाच्या घाटात तशी सोय मला तरी आढळली नाही.

बरं, डाव्या-उजव्यात पवित्र असं काही आहे, असंही माझं म्हणणं नाही. अमेरिकेत 'इंडियन' नावाची मोटरसायकल निघे. तिच्या कित्येक गाड्यांचा ॲक्सिलरेटर चक्क डाव्या मुठीत असायचा आणि लोक ती मजेत चालवत. आमच्या मामांच्या जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. शिवाय पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली. इतर मोटरसायकलींचा गिअर सहसा डावीकडे, बऱ्याच गाड्यांत पहिला खाली आणि बाकीचे वर. म्हणजे आरशातल्या माणसाने शीर्षासन करावं, तसं. मामा म्हणायचे, "बुलेट कुणी उसनी मागत नाही, हा फायदा." तेही खरंच. पण मामांनी जन्मभर बुलेटच चालवली. एकाच माणसाला सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरी गाडी चालवावी लागते, तिथे हा उलटसुलट कारभार अंगाशी येतो.

अमेरिकेच्या सरकारला हे 1974 साली कळलं. गिअर डाव्या पायाला आणि ब्रेक उजव्या, असा नियमच त्यांनी केला. ट्रायम्फ, नॉर्टन या विलायती कंपन्यांनी मुकाट्याने गाड्या बदलल्या. बुलेटची बाजूही पुढे आपल्याकडे बदललीच. मोटारीचं तर विचारूच नका. स्टीअरिंग इकडे असो की तिकडे, क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर हा पायांखालचा क्रम जगभर एकच. पायांना जो मान मिळाला, तो आमच्या डाव्या हाताला का नाही?

आमचा कायदाही मजेशीर आहे. बिनगिअरच्या गाडीचं लायसन असलेल्याला गिअरची चालवायची तर पुन्हा परीक्षा. हे योग्यच. पण गिअरवाला बिनगिअरच्या गाडीवर बसला तर त्याला कुणी विचारत नाही. बहुधा कायद्याच्या मते गिअर कमी झाले म्हणजे काम सोपं झालं. पण दांडी तीच राहून तिचा अर्थ बदलतो, त्याचं काय? आमच्याकडे खातेदाराच्या सहीतली एक वेलांटी बदलली तरी चेक परत जातो. त्याला कुणी 'होईल सवय' म्हणत नाही.

माझी मागणी फार नाही. बिनगिअरच्या गाडीची डावी दांडी वेगळी करा. तांबडी करा, जाड करा, खडबडीत करा, म्हणजे अंधारातही हाताला कळेल की ही ती नव्हे. आणि नवी गाडी देताना हार, पेढे आणि फोटो यांच्याऐवजी गिऱ्हाइकाला अर्धा तास मोकळ्या मैदानावर घेऊन जा आणि दहा वेळा एकदम ब्रेक मारायला लावा. पेढे नंतर द्या. 2020 मध्ये चेतक विजेवर परत आली. बाबा कौतुकाने तिच्यावर बसले, डाव्या मुठीतली दांडी दोनदा दाबून पाहिली आणि उतरले.

"नाव तेवढं जुनं ठेवलंय," म्हणाले, आणि रिक्षाने घरी आले.