साध्या मंगळवारचं विमान



गेल्या रविवारी आमच्या फ्रीगंजातल्या घरी चार माणसं पोहे-जिलेबीला जमली होती. उज्जैनमध्ये सध्या चार माणसं बसली की २०२८ च्या सिंहस्थाचा विषय निघतो आणि सिंहस्थ निघाला की देवास रोडवरच्या दताण्याच्या हवाईपट्टीचा. "एकदा इथे मोठं विमान उतरू दे, मग बघा," शेजारचे काका म्हणाले. आई पोह्यांवर शेव घालत होती. ती मान वर न करता म्हणाली, "उतरेल हो भाऊजी. पण सिंहस्थ संपल्यावर उतरेल का?"

सगळे हसले. मी नाही हसलो, कारण ती हे का विचारते आहे ते मला ठाऊक होतं.

आईचं माहेर बेळगाव. १९८२ साली लग्न होऊन ती उज्जैनला आली. तेव्हापासून माहेरी जायचं म्हणजे रात्रभराच्या गाडीने पुणे, स्टेशनवर सामान सांभाळत बसणं आणि मग मिरजमार्गे बेळगाव. जाण्यायेण्यातच चार दिवस मोडायचे. लहानपणी आम्हाला ती मजा वाटे. पण आईचे गुडघे दुखायला लागले आणि पुण्याचा पूल चढणं-उतरणं तिला जमेना. सहा वर्षं ती माहेरी गेली नाही. दर रविवारी सकाळी मामाचा फोन यायचा, तेवढंच माहेर उरलं होतं.

जानेवारी २०२० मध्ये मामानेच फोनवर बातमी दिली, की बेळगावहून थेट इंदूरला विमान सुरू झालं आहे. कंपनी स्टार एअर, म्हणजे कोल्हापूरकडच्या घोडावत समूहाची. २०१९ च्या जानेवारीत सुरू झालेली ही कंपनी, मोठ्या कंपन्या फारशा फिरकत नाहीत अशी शहरं जोडायला निघालेली. पन्नास आसनांचं एम्ब्रेअर जेट, एका बाजूला एक खुर्ची आणि दुसऱ्या बाजूला दोन. दीड तासाच्या आसपास हवेत. उज्जैनहून इंदूरचा विमानतळ पंचावन्न किलोमीटर. म्हणजे सकाळी घरून निघालेलं माणूस संध्याकाळच्या चहाला बेळगावात!

फेब्रुवारीत मी आईला घेऊन गेलो. तिने एकेरी खुर्ची घेतली आणि पूर्ण प्रवासभर खिडकीतून खाली बघत राहिली. सांबऱ्याच्या विमानतळाबाहेर मामा काठी टेकून उभा होता. "काय ग, विमानातून आलीस की तू!" एवढंच म्हणाला आणि रुमाल शोधायला लागला. आठ दिवस दोघं ओसरीवर बसून होते. परत येताना पिशवीत चार डबे कुंदा होता.

महिनाभरात लॉकडाऊन लागला. २५ मार्चपासून देशातली प्रवासी विमानं थांबली. ती २५ मेला पुन्हा सुरू झाली, पण वयस्कर माणसांना घेऊन कोण निघणार? पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत मामा गेला. शेवटचं बघायलाही आम्ही जाऊ शकलो नाही. आई त्यावर फार बोलत नाही. कधीतरी एवढंच म्हणते, "ते विमान निघालं म्हणून दादा भेटला तरी."

म्हणून छोट्या शहरांच्या विमानाचा विषय आमच्या घरी थट्टेचा नाही. आणि म्हणूनच आईचा प्रश्न मी नीट तपासून बघितला. इंजिनिअर माणूस, हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही.

बेळगाव-इंदूर मार्ग केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेतला होता. 'उडे देश का आम नागरिक' यावरून हे नाव घेतलं आहे. योजनेतली पहिली उड्डाणं २७ एप्रिल २०१७ रोजी झाली. सिमला-दिल्लीचं सगळ्यांना आठवतं, पण त्याच दिवशी आपल्या नांदेडहून हैदराबादलाही ट्रूजेट कंपनीचं विमान सुटलं होतं.

योजनेची कल्पना अशी. पन्नास आसनांचं विमान उडवायचं, तर आत वीस माणसं असोत की पन्नास, वैमानिक तेवढेच लागतात आणि इंधनही जवळपास तेवढंच जळतं. मुंबई-दिल्लीला खुर्च्या भरतात, बेळगाव-इंदूरला भरतीलच असं नाही. म्हणून काही आसनांचं भाडं बांधून द्यायचं (सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला सुमारे अडीच हजार रुपये) आणि कंपनीला येणारी तूट सरकारने भरायची. त्यातला मोठा वाटा केंद्राचा, काही राज्याचा. केंद्राचा पैसा मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर लावलेल्या आकारातून येतो. म्हणजे दिल्ली-मुंबईचा प्रवासी आपल्या मावशीच्या तिकिटाला थोडा हातभार लावतो. शिवाय विमानतळाचं उतरण्याचं भाडं माफ, राज्याचा इंधनावरचा करही कमी. ही मदत तीन वर्षं. तेवढ्यात लोकांना विमानाची सवय लागेल आणि मार्ग आपल्या पायावर उभा राहील, असा हिशेब.

हिशेब कागदावर चोख आहे. प्रत्यक्षात काय झालं ते भारताच्या महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आहे. योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यातल्या ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली. आणि मदत संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत टिकले ते फक्त ५४. नांदेडचं पहिलं विमान उडवणाऱ्या ट्रूजेटची उड्डाणंही २०२२ मध्ये थांबली.

शंभर मार्गांतले सात टिकले! आईचा प्रश्न म्हणजे हाच आकडा होता, फक्त तिने तो आकड्यात मांडला नव्हता.

आता आपल्या गावाकडे येऊ. जून २०२४ मध्ये मध्य प्रदेश सरकारने पीएमश्री पर्यटन वायुसेवा सुरू केली. सहा आसनांची छोटी विमानं आणि भोपाळ, इंदूर, जबलपूर, ग्वाल्हेर, उज्जैन अशी आठ शहरं. महाकालाच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी ती सोय चांगलीच आहे. पण सहा खुर्च्यांच्या विमानाने आपल्यासारख्यांचं माहेर-सासर जोडलं जाणार नाही. त्यासाठी पन्नास-सत्तर आसनांचं विमान हवं आणि ते वर्षभर भरायला हवं.

सिंहस्थात विमान भरेल. श्रावणात, महाशिवरात्रीलाही भरेल. कंपनी मात्र टिकते ती नोव्हेंबरातल्या एखाद्या साध्या मंगळवारवर, ज्या दिवशी ना पर्व असतं ना सुट्टी. त्या दिवशी विमानात कोण बसणार? भाचीच्या डोहाळजेवणाला निघालेली मावशी, पुण्यात मुलाखतीला निघालेला मुलगा, आजारी भावाला भेटायला निघालेली बहीण. म्हणजे आपणच.

काका म्हणाले, "पण आपल्या हातात काय आहे?" थोडंसं आहे. उडानमध्ये कोणत्या मार्गाला मागणी आहे याचा अंदाज विमान कंपन्या स्वतः घेतात आणि त्याप्रमाणे बोली लावतात. मागणी आहे हे त्यांना कळणार कसं? माळव्यात मराठी घरं शिंदे-होळकरांच्या काळापासून आहेत आणि जवळजवळ प्रत्येक घराचं कोणी ना कोणी पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात, बेळगावात आहे. आपण हे सगळे जाणतो, पण कुठे लिहून ठेवलेलं नाही.

म्हणून एक साधा तक्ता तयार करतो आहे. त्यात तीनच प्रश्न आहेत. तुम्ही नातेवाइकांकडे कुठे जाता, वर्षातून किती वेळा आणि कोणत्या महिन्यांत? नाव-पत्ता काही नको. मंडळाच्या कार्यकारिणीशी बोलणं झालं आहे, पुढच्या सभेत तक्ता सगळ्यांना मिळेल. शंभर घरांनी भरला तरी मंडळाला तो अर्जासोबत जोडून पाठवता येईल. याने उद्या विमान येईल असं मी म्हणत नाही. पण इंजिनिअरच्या अनुभवावरून सांगतो, मागणी लिहून दिली नाही तर ती कधीच पूर्ण होत नाही.

पहिला तक्ता आईने भरला. कुठे जाता, यापुढे तिने 'बेळगाव' लिहिलं. मी म्हटलं, "आई, आता तिथे कोणाकडे?"

"वहिनी आहे ना," ती म्हणाली. "तिचेही गुडघे दुखतात. तीच येईल इकडे."

पुढच्या महिन्यात भेटूच.