एक कान दे रे!

सेकंड शिफ्ट सुटली, की कंपनीच्या बसमध्ये खिडकी पकडायची आणि बडी गाय लावायचा, हा आपला नेम. शेजारचा मित्र वैतागतो, ‘ही गिटार सारखी रडतेय काय रे?’ कॉलेजात मलाही फक्त स्पीड कळायचा. बोटं जितकी पळतील तितका गिटारिस्ट ग्रेट! पण लुइझियानात वाट्याच्या शेतात कापूस वेचत वाढलेला हा माणूस एकच सूर ताणतो, थांबतो, आणि आपला श्वास अडकतो. हेंड्रिक्स, क्लॅप्टन उगाच नाही त्याचे फॅन झाले. २०११मध्ये तो मुंबईत मेहबूब स्टुडिओत वाजवून गेला. मला शिफ्ट बदलून मागायचं धाडस झालं नाही. अजून सलतं. परवा रात्री एमआयडीसीबाहेर उसाच्या बैलगाड्यांमागे बस अडकली. पुढून घुंगरांचा आवाज, कानात बडी. मित्राने हळूच हात पुढे केला, ‘एक कान दे रे.’