ड्रायरच्या मोटरवर तीन हजार वाचवताय? आधी हे गणित बघा



आवळा कँडी, शेवगा पावडर, कांदा-लसूण फ्लेक्स... घरून डिहायड्रेशनचा व्यवसाय करायचा म्हटलं की पहिला मोठा खर्च ट्रे ड्रायरचा. कोटेशन हातात आलं की आपण काय बघतो? ट्रे किती, स्टील कोणतं, आणि खालचा शेवटचा आकडा. गरम हवा फिरवणाऱ्या ब्लोअरला मोटर कोणती लावलीय, हे फारसं कोणी विचारत नाही. माझं स्पष्ट मत आहे: दोन ट्रे कमी घ्या हवं तर, पण मोटर हलकी घेऊ नका.

का? १ एचपी म्हणजे साधारण ०.७५ किलोवॅट. पण हे मोटर किती काम देते त्याचं माप झालं, वीज किती खाते त्याचं नाही. इथेच गल्लत होते. ४ पोलची थ्री फेज मोटर आयई१ दर्जाची असेल तर तिची कार्यक्षमता ७२.१ टक्के, आयई३ असेल तर ८२.५. म्हणजे पूर्ण लोडवर पहिली सुमारे १०४० वॅट ओढणार, दुसरी ९१०. फरक १३० वॅटचा. रोज १० तास, महिन्याला २५ दिवस चालवली की झाले साडेबत्तीस युनिट. युनिटला १० रुपये धरू (तुम्ही तुमच्या बिलावरचा दर टाका), तर महिन्याला सव्वातीनशे, वर्षाला ३९०० रुपये. किमतीतला तीन हजारांचा फरक नऊ-दहा महिन्यांत वसूल!

‘सर, घरी सिंगल फेज आहे.’ असू द्या. व्हीएफडी ड्राइव्ह मिळतो, तो सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवतो. आणि खरी गंमत तिथेच आहे. ब्लोअरचा वेग २० टक्क्यांनी कमी केला की त्याला लागणारी पॉवर जवळपास निम्मी होते. माल ओला असतो तेव्हा हवा जोरात लागते. नंतर ओलावा आतून हळूहळू बाहेर येतो, तेव्हा पूर्ण वेगाने पंखा फिरवून काय मिळणार? मात्र रोज दोन-तीन तासच ड्रायर चालणार असेल तर ड्राइव्हचा खर्च लवकर निघत नाही, मग तो घेऊ नका.

आता एक गोष्ट सप्लायर सहसा सांगत नाही. इलेक्ट्रिक ड्रायरमध्ये सगळ्यात जास्त वीज हीटर खातो, मोटर नाही. दाराचं गॅस्केट सैल असेल आणि गरम हवा बाहेर जात असेल तर आयई३ लावूनही बिल फुगणारच. ट्रायलच्या वेळी दाराच्या कडेने हात फिरवून बघा, गरम झोत लागतो का ते.

आणि हो, पीएमएफएमई योजनेत ३५ टक्के सबसिडी मिळते म्हणून गरज नसताना २ एचपी घेणारेही आहेत. सबसिडी मशीनवर मिळते, लाइट बिलावर नाही.

कोटेशनमध्ये चार गोष्टी लिहूनच मागा: मोटरचे किलोवॅट, आयई दर्जा, इन्सुलेशन क्लास, आणि मोटर गरम चेंबरच्या बाहेर बसवलीय का. नेमप्लेटचा फोटोही मागवा. सेकंडहँड ड्रायर घेत असाल तर मोटर रिवाइंड केलेली आहे का, हेही विचारा.