राजाला तनखा, रयतेला शिक्षा

1818 च्या फेब्रुवारीत मोहोळजवळच्या आष्टीला पेशव्यांचे सेनापती बापू गोखले इंग्रजांशी लढता लढता पडले. मे महिन्यात जनरल मन्रोने सोलापूरचा किल्ला घेतला. 3 जूनला पेशवा दुसरा बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला, वर्षाला आठ लाख रुपयांचा तनखा ठरवून घेतला आणि गंगाकाठी बिठूरला जाऊन राहिला. इतिहासाची शिक्षिका म्हणून या तीन घटना मी सोलापुरातल्या शाळेत अनेक वर्षं शिकवल्या. वर्गातली एखादी मुलगी हमखास विचारायची, "बाई, मग गोखल्यांच्या सैनिकांना काय मिळालं?"

हरलेल्यांवर लादलेला तह न्याय्य होता की नाही, हे आपण सहसा गेलेले किल्ले आणि गेलेला मुलूख मोजून ठरवतो. पुरंदरच्या तहात 23 किल्ले गेले, म्हणजे तह जाचक. मला हे माप अपुरं वाटतं. ज्यांनी युद्ध पुकारलं नव्हतं, ज्यांना कोणी विचारलंही नव्हतं, त्यांच्या वाट्याला नंतर काय आलं, ते आधी पाहायला हवं.

पेशवाईचा शेवट ज्या तहाने जवळ आणला, त्याचं निमित्त आमच्याच जिल्ह्यात घडलं. 20 जुलै 1815 रोजी पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. संशय पेशव्यांचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे याच्यावर. त्याला ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं, तिथून तो निसटला, आणि पुण्यातल्या इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडे सिंहगड, पुरंदर आणि रायगड ओलीस मागितले. 13 जून 1817 च्या पुणे तहाने तर पेशव्यांना मराठा राज्यसंघाचं प्रमुखपदच सोडावं लागलं. अहमदनगरचा किल्ला गेला, उत्तर कोकणासह 34 लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख गेला, आणि इंग्रज रेसिडेंटला वगळून दुसऱ्या दरबाराशी बोलणी करायलाही बंदी झाली. खून एका माणसाचा, आरोप एका माणसावर. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले यांचा त्यात काही संबंध नव्हता, तरी त्या सगळ्यांना जोडणारी गाठ तोडली गेली, आणि तीही एकही लढाई झालेली नसताना. पाच महिन्यांच्या आत खडकीला तोफा सुरू झाल्या, यात मला नवल वाटत नाही.

एल्फिन्स्टनच्या बाजूचंही सांगते. फेब्रुवारी 1818 मध्ये त्याने साताऱ्याहून जाहीरनामा काढला: वतनं, इनामं, वर्षासनं, देवस्थानं पूर्वीप्रमाणे चालतील. हा शब्द राजाला नव्हे, रयतेला दिलेला होता. तो पाळला गेला असता तर मी त्या विजेत्याला न्यायी म्हटलं असतं. पण 1852 च्या कायद्याने इनाम कमिशनच्या हाती अधिकार आले आणि पुरेसे कागद दाखवता आले नाहीत म्हणून हजारो इनामं खालसा झाली. बाजीरावाचा तनखा मात्र 1851 मध्ये तो मरेपर्यंत सुरू होता.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीचंही तेच झालं. कैसर हॉलंडला पळून गेला. त्याच्यावर खटला चालवण्याचं कलम व्हर्सायच्या तहात होतं, पण हॉलंडने त्याला सोपवलं नाही, आणि 1941 मध्ये तो डोर्नच्या वाड्यात मेला. 132 अब्ज सोन्याच्या मार्कांची भरपाई कामगार आणि शेतकऱ्यांच्या माथी आली.

हे सगळं परक्यांनी केलेलं म्हणून बोलायला सोपं जातं. 1948 मध्ये जिंकणारे आपण होतो. 13 सप्टेंबरला जनरल चौधरींच्या फौजा याच सोलापुरातून नळदुर्गच्या दिशेने निघाल्या आणि पाच दिवसांत हैदराबाद संस्थान शरण आलं. त्याआधी निजामाच्या बाजूच्या रझाकारांनी सरहद्दीवरच्या गावांना जे भोगायला लावलं, ते मी माझ्या आजीकडून ऐकलं आहे. तिचं गाव तुळजापूर तालुक्यातलं. अंगावरच्या लुगड्यानिशी ती पोरांना घेऊन सोलापूरला नातेवाइकांकडे आली होती. कारवाई व्हायलाच हवी होती, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

पण आजी पुढचंही सांगायची. ती गावी परतली तेव्हा शेजारचं पिंजाऱ्याचं घर रिकामं होतं, दार मोडलेलं, अंगणात कापूस विखुरलेला. त्या माणसाने कधी बंदूक हातात धरली नव्हती. तो गावाच्या गाद्या भरायचा. त्याचं काय झालं हे तिला कोणी सांगितलं नाही, आणि काही दिवसांनी तिने विचारणंही सोडलं.

केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्या वर्षअखेरीस संस्थानात फिरून पाहणी केली. कारवाईच्या वेळी आणि नंतर मेलेल्यांचा तिचा अंदाज 27 ते 40 हजार होता आणि सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद (आताचं धाराशिव), गुलबर्गा, बिदर आणि नांदेड होते. मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्या अहवालात आहे. तरीही तो कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. आणि ज्याच्या राज्यात रझाकार माजले तो निजाम? तो वर्षाला 50 लाखांचा तनखा घेत होता आणि 1950 पासून 1956 पर्यंत भारतीय संघराज्यातला राजप्रमुख होता. सरदार पटेलांनी राज्य लवकर स्थिर व्हावं म्हणून त्याला ठेवलं, हे मला समजतं. पण राजाशी दाखवलेली उदारता पिंजाऱ्याच्या दारापर्यंत का पोचली नाही, याचं उत्तर त्या निर्णयात नाही.

दर 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो, आणि तो व्हायलाच हवा. त्याबरोबर माझी एक मागणी आहे. राज्य सरकारने सुंदरलाल समितीचा अहवाल स्वतःच्या खर्चाने मराठीत छापावा आणि सोलापूर, धाराशिव, लातूर, नांदेडच्या जिल्हा ग्रंथालयांत ठेवावा. रझाकारांनी जाळलेल्या गावांची हकीकत आणि नंतर मारल्या गेलेल्यांची हकीकत शाळेच्या एकाच धड्यात यावी. निजामाला काय मिळालं हे मुलं पाठ करतातच. पिंजाऱ्याला काय मिळालं हेही त्यांना शिकवा.